काकू, येणी धरली हुती माझी!

२ फेब्रुवारी २०२५, रविवारची संध्याकाळ. आमच्या महाबळेश्वरला मोसमातला रविवार म्हणजे बाजारपेठेत पाय ठेवायला जागा नसते. स्ट्रॉबेरी, चणे, मक्याची कणसं आणि गाड्यांची रांग. अशा दिवशी मी शक्यतो घराबाहेर पडतच नाही. स्वयंपाकघराच्या दारात मेथी निवडत बसले होते. हॉलमध्ये सासरे आणि आमचे हे टीव्हीला चिकटलेले. अहिल्यानगरच्या वाडिया पार्कवर महाराष्ट्र केसरीच्या शेवटच्या कुस्त्या चालू होत्या.

एकदम सासऱ्यांचा आवाज चढला. "अरे, चीत कुठं झालाय? खांदा बघ की त्याचा!" मेथीची जुडी हातात तशीच घेऊन मी बाहेर आले. गादी विभागाची अंतिम कुस्ती. पृथ्वीराज मोहोळ आणि शिवराज राक्षे. पंचांनी मोहोळला चितपटीवर विजयी दिलं होतं आणि राक्षे ओरडून सांगत होता, माझे दोन्ही खांदे टेकलेलेच नाहीत, पुन्हा बघा. कुणी पुन्हा बघायला तयार दिसेना. मग त्यानं पंचांची कॉलर धरली आणि सगळ्या महाराष्ट्रानं बघितलं तसं, लाथ मारली.

त्याच दिवशी थोड्या वेळानं गदेची कुस्ती झाली. मोहोळसमोर माती विभागातून आलेला महेंद्र गायकवाड. अवघे सोळा सेकंद उरलेले असताना एका गुणावरून वाद झाला आणि गायकवाड मैदान सोडून निघून गेला. गदा मोहोळला मिळाली. राक्षे आणि गायकवाड या दोघांवर तीन वर्षांची बंदी आली. चौकशी समिती नेमली गेली. पुढे त्या पंचांवरही निलंबनाची कारवाई झाल्याचं वाचनात आलं.

आमच्या घरात त्या रात्री जेवताना दोन तट पडले. हे म्हणाले, "काय वाट्टेल ते झालं तरी पंचावर पाय उचलायचा नाही." सासरे म्हणाले, "ते खरं. पण त्यानं वर्षभर मेहनत केली, खुराक खाल्ला, ते सगळं एका शिट्टीत गेलं. त्याचं काय?" दोघांनी माझ्याकडे बघितलं. एरवी मी बोलायला कमी नाही, हे माझ्या ओळखीतल्या सगळ्याच मैत्रिणी सांगतील. पण त्या रात्री मी भाकरी वाढायच्या निमित्तानं आत निघून गेले.

कारण मैत्रिणींनो, मीही एकदा पंच होते. आणि मीही चुकले होते.

सात-आठ वर्षांपूर्वीची गोष्ट. संक्रांतीच्या हळदीकुंकवाला दरवर्षी तेच ते प्लास्टिकचे डबे नि गाळण्या लुटायचा कंटाळा आला, म्हणून आमच्या महिला मंडळानं ठरवलं की यंदा वाणाचे पैसे एकत्र करायचे आणि शाळकरी मुलींच्या कबड्डीच्या स्पर्धा घ्यायच्या. कल्पना माझीच, त्यामुळे उत्साहही माझाच जास्त. सात संघ आले. वाईहून एक क्रीडाशिक्षक पंच म्हणून येणार होते, ते पसरणीच्या घाटात वाहनांच्या रांगेत अडकले. आयत्या वेळी सगळ्यांच्या नजरा माझ्याकडे. "ताई, तुम्ही कॉलेजात खेळला आहात ना, व्हा उभ्या." मी कऱ्हाडला कॉलेजात असताना दोन वर्षं संघात होते हे खरं. त्यातलं एक वर्ष राखीव खेळाडू म्हणून, हे मी कुणाला सांगितलं नाही. पदर खोचला आणि गळ्यात शिट्टी अडकवली.

दिवसभर झकास चाललं. अंतिम सामना लागला तेव्हा ऊन उतरलं होतं. आमची माती जांभ्याची, तांबडी भडक. फक्कीनं आखलेल्या रेषा दिवसभरात पुसट झालेल्या. दोन्ही संघांचे एकोणीस-एकोणीस गुण आणि शेवटची चढाई. चढाईला आलेली मुलगी तापोळ्याच्या बाजूच्या एका वाडीतली. नववीत होती. हडकुळी, पण पायात वीज. तिची आई हंगामात स्ट्रॉबेरीच्या शेतावर तोडणीला येते, म्हणून मी तिला ओळखत होते. पोरगी आली, डाव्या कोपऱ्यातल्या मुलीला हात लावला, गर्रकन वळली आणि मध्यरेषेकडे झेपावली. झेपावली आणि मध्येच जमिनीवर आपटली, जणू मागून कुणी दोर ओढावा तशी. चार बोटं रेषा राहिली. तिच्या अंगावर तीन-चार पोरी पडल्या. तिचा दम गेला. मी शिट्टी वाजवली आणि हात वर केला. बाद.

ढिगाऱ्यातून ती उठली. चेहऱ्यावर माती. डाव्या हातानं डोक्याची मागची बाजू धरलेली. माझ्यापाशी आली आणि म्हणाली, "काकू, येणी धरली हुती माझी!"

मी काय म्हणाले असेन? तेच, जे सगळे पंच म्हणतात. "पंचांचा निर्णय अंतिम असतो, बाळ."

तिनं वाद घातला नाही. लाथ तर लांबच. जाऊन आपल्या पोरींच्या ओळीत उभी राहिली. वीस-एकोणीस. बक्षीस समारंभ झाला, पाहुणे आधीच खोळंबले होते, चहा निवत होता. सगळं आवरल्यावर दुसऱ्याच संघातल्या एका मुलीचे वडील माझ्याकडे आले आणि त्यांनी मोबाइल पुढे केला. त्यांनी चढाईचं चित्रण केलं होतं. पोरगी वळते, झेप घेते आणि कोपऱ्यातल्या मुलीच्या मुठीत तिच्या वेणीचं टोक. स्पष्ट. लाल रिबीनसुद्धा दिसत होती. त्या कोपऱ्यातल्या मुलीला मी दोष देणार नाही. पळत्या माणसाला धरताना जे हाताला लागेल ते धरलं जातं. तिनं मुद्दाम केलं असं मला आजही वाटत नाही. पण बघायचं काम माझं होतं आणि मी फक्त रेषेकडे बघत होते.

कबड्डीचा नियम साधा आहे. चढाई करणाऱ्याला धरायचं ते हातापायाला किंवा धडाला. केस, कपडे धरायचे नाहीत. गळा आवळायचा नाही, तोंड दाबून दम तोडायचा नाही, पायाची कैची घालायची नाही. तसं धरून थांबवलं असेल तर चढाई करणारा बाद होत नाही. हे सगळं मला माहीत होतं. कॉलेजात असताना आम्ही मुली वेण्यांचे अंबाडे घालून, वरून रुमाल बांधून खेळायचो, ते याचसाठी!

मग मी निर्णय का नाही बदलला? ढाल अजून त्याच मैदानावर होती, दोन्ही संघ तिथंच चिवडा खात बसले होते. हाक मारली असती तर दोन मिनिटांचं काम. मी त्या गृहस्थांना म्हणाले, "आता काय, झालं ते झालं." त्यांनीही मान डोलावली आणि फोन खिशात टाकला. रात्री झोप लागेना तेव्हा मी स्वतःला पुष्कळ कारणं सांगितली. पाहुणे गेले असते, भांडण झालं असतं, जिंकलेल्या पोरींची तोंडं उतरली असती. त्यातली काही खरीही होती. पण सगळ्यात तळाचं कारण वेगळं होतं. सकाळपासून दोन-तीन पुरुष मंडळी कुंपणाला टेकून कुजबुजत होती की बायकांना काय जमणार पंचगिरी. मी चूक कबूल केली असती तर त्यांचं खरं ठरलं असतं. म्हणून मी गप्प बसले. त्या कुंपणाला टेकलेल्या माणसांपुढे माझी लाज राखायला मी एका नववीतल्या पोरीचा गुण वापरला.

माझं माहेर कऱ्हाडकडचं. आमच्या गावच्या यात्रेत शेवटच्या दिवशी कुस्त्यांचा फड भरायचा. हलगी घुमायला लागली की घरातले सगळे पुरुष, लहान भावांसकट, फडाकडे. आम्ही मुली नि बायका धाब्यावर चढून लांबून बघायचो. आखाड्याजवळ बाईची सावलीही चालायची नाही त्या काळी. माझे थोरले चुलते फडात पंच म्हणून उभे असायचे. पांढरा फेटा, हातात छडी. त्यांच्याकडे ना घड्याळ होतं, ना गुणफलक. मातीतल्या कुस्तीत गुण नसायचेच. चीत झाला तर निकाल, नाहीतर बरोबरीत सोडवायची. पाठ लागली का नाही यावर वाद झालाच, तर ते पैलवानाला फिरवून त्याची पाठ बघायचे. तेल, हळद, ताक घालून मळलेली ती लाल माती घामानं भिजलेल्या पाठीवर जशी बसली असेल, त्यावरून जाणती माणसं ठरवायची. त्यातही चुका होत असणार. एकदा तर गावात दोन दिवस हाणामारीची वेळ आली होती, चुलत्यांच्याच निर्णयावरून. पण निदान माती साक्षीला असायची. मॅटवर काहीच चिकटत नाही.

म्हणून मॅटवर तीन माणसं असतात. राक्षेच्या प्रकरणानंतर मी हे सासऱ्यांकडून नीट समजावून घेतलं. शिट्टीवाला पंच खेळाडूंबरोबर मॅटवर फिरत असतो, त्याच्या एका मनगटावर लाल पट्टी आणि दुसऱ्यावर निळी. लाल वेशातल्या पैलवानाला गुण द्यायचा तर लाल पट्टीचा हात वर. दुसरा बाजूला बसून गुण लिहितो आणि तिसरा मॅटचा प्रमुख. चितपट द्यायची तर एकट्या शिट्टीवाल्याला देता येत नाही, बसलेल्या दोघांपैकी एकाची तरी संमती लागते. आणि निर्णय पटला नाही तर पैलवानाच्या बाजूनं एकदा दाद मागता येते. कोपऱ्यात बसलेला प्रशिक्षक एक मऊ ठोकळा मॅटवर टाकतो, मग चित्रण पुन्हा बघतात. दाद चुकीची ठरली तर समोरच्याला एक गुण बहाल. उगाच कुणी ऊठसूट ठोकळे फेकू नयेत म्हणून ही मेख. सासऱ्यांना हा ठोकळा फार आवडतो. म्हणतात, "घरात पण एक असावा."

पण दाद मागायची सोय असूनही माणसं भडकतातच. टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ साली आपला दीपक पुनिया कांस्यपदकाची कुस्ती अगदी शेवटी हरला, तेव्हा त्याच्या परदेशी प्रशिक्षकानं पंचांच्या खोलीत जाऊन त्यांच्यावर हात उचलला. त्यांना ऑलिंपिकमधून बाहेर काढलं गेलं. त्याच टोकियोत रवी दहियाच्या दंडाला प्रतिस्पर्ध्यानं कडकडून चावा घेतला होता. रवीनं त्या अवस्थेत त्याला चीत केलं, म्हणून बरं. नाहीतर दातांचे वण घेऊन तो कुणाकडे दाद मागायला गेला असता? आणि २०१६ साली रिओला तर मंगोलियाच्या दोन प्रशिक्षकांनी पंचांचा निषेध म्हणून भर मॅटवर अंगावरचे कपडे उतरवले. ते बघून आमच्या सासूबाई देवघरात निघून गेल्या होत्या.

महेंद्र गायकवाडचंच बघा. २०२५ ला तो मैदान सोडून गेला, कारण त्याच्यावर अन्याय झाला असं त्याला वाटलं. पण जानेवारी २०२३ मध्ये पुण्यात माती विभागाच्या अंतिम लढतीत त्याच्यासमोर मोहोळचा सिकंदर शेख होता. महेंद्रनं बाहेरची टांग लावली आणि पंचांनी त्याला चार गुण दिले. सिकंदरच्या चाहत्यांचं म्हणणं पडलं की तो पाठीवर गेलाच नव्हता, चार गुण कसले? तेव्हा ज्या पंचांनी तो निर्णय दिला त्यांना फोनवरून धमकी देण्यापर्यंत गोष्ट गेली. महेंद्र अंतिम फेरीत गेला आणि तिथं शिवराज राक्षेकडून हरला. म्हणजे एकदा वादग्रस्त शिट्टी त्याच्या बाजूनं वाजली आणि दोन वर्षांनी विरुद्ध. आणि सिकंदर? त्यानं नोव्हेंबर २०२३ ला पुन्हा शड्डू ठोकला आणि फुलगावला गदा घेतली, तीही राक्षेलाच हरवून. ज्या पृथ्वीराज मोहोळनं २०२५ ची गदा जिंकली त्याचं मला वेगळंच वाईट वाटतं. त्या पोरानं काय केलं? कुस्ती केली. पण त्याचं नाव निघालं की लोक आधी लाथेची गोष्ट काढतात.

एका गुणाचं मोल काय असतं ते आम्ही सातारकरांनी डोळ्यांनी बघितलंय. एप्रिल २०२२ मध्ये महाराष्ट्र केसरी साताऱ्यात झाली, तेव्हा कोल्हापूरच्या पृथ्वीराज पाटीलनं विशाल बनकरला पाच-चार असं हरवलं. एका गुणानं!

पण या सगळ्या गडबडीत मला आठवतात ते आमच्या कऱ्हाडजवळच्या गोळेश्वरचे खाशाबा जाधव. त्यांचं पदक सगळ्यांना ठाऊक असतं. १९५२, हेलसिंकी, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. त्यांना पाठवायला कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर सात हजारांना गहाण टाकलं, हेही बऱ्याच जणींनी शाळेत ऐकलं असेल. पण पंचांशी त्यांचा दोनदा संबंध आला, ते कमी सांगितलं जातं. ऑलिंपिकला जायच्या आधी मद्रासला राष्ट्रीय स्पर्धेत निरंजन दास या मल्लाविरुद्ध त्यांना एक गुण कमी दिला गेला. तो मुद्दाम दिला गेला, असं त्यांचं म्हणणं होतं. ऑलिंपिकची वाट तिथंच बंद झाली असती. गोळेश्वरच्या या शेतकऱ्याच्या मुलानं काय केलं? पतियाळाच्या महाराजांकडे दाद मागितली. पुन्हा कुस्ती लावा म्हणाले. लागली. आणि त्यांनी निरंजन दासला चीत केलं. पाठच लावली म्हटल्यावर गुणांचा प्रश्नच मिटला.

दुसरी वेळ खुद्द हेलसिंकीची. एका दमछाक करणाऱ्या लढतीनंतर लगेच त्यांना रशियाच्या मल्लासमोर उभं केलं गेलं. दोन कुस्त्यांमध्ये अर्धा तास विश्रांती द्यायचा नियम होता. पण तो नियम बोलून दाखवायला भारताचा एकही अधिकारी त्या वेळी तिथं हजर नव्हता, असं सांगतात. थकलेले खाशाबा हरले आणि ब्राँझवर आले. परत आल्यावर शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली त्यांची. लहानपणी मी वडिलांना विचारलं होतं, "मग अधिकारी कुठं गेले होते?" वडील म्हणाले होते, "असतील कुठं तरी हिंडायला." ते बोलताना त्यांच्या आवाजात जो राग होता तो मला अजून ऐकू येतो, आणि गोष्ट तर त्यांच्या लहानपणीची!

माझ्या त्या स्पर्धेच्या दिवशी त्या पोरीच्या बाजूनं तरी कोण होतं? तिच्या शाळेचे शिक्षक एसटी चुकेल म्हणून घड्याळाकडे बघत होते. नियम माहीत असलेली मैदानावर एकच व्यक्ती होती, आणि तिच्याच गळ्यात शिट्टी होती.

माझा भाचा अमेरिकेत शिकतो. राक्षेचं प्रकरण गाजत होतं तेव्हा फोनवर त्याला सांगितलं, तर म्हणाला, "मावशी, इथं दर शनिवारी हेच." तिकडे कॉलेजांचं फुटबॉल म्हणजे आपल्या यात्रेच्या फडासारखं, गावंच्या गावं लोटतात. ते आपलं पायाचं फुटबॉल नव्हे. लांबट चेंडू हातात घेऊन पळायचं आणि समोरच्यानं अंगावर येऊन आडवं पाडायचं. त्यात डोक्यावर शिरस्त्राण असतं. त्या शिरस्त्राणाचा माथा पुढे करून कुणी धडक दिली, किंवा ज्याला स्वतःचा बचाव करता येत नाही अशाच्या डोक्या-मानेवर आदळला, तर त्याला ते 'टार्गेटिंग' म्हणतात. २०१३ पासून त्यासाठी खेळाडूला सरळ मैदानाबाहेर काढतात. दुसऱ्या सत्रात केलं तर तेव्हा पुढच्या सामन्याचंही पहिलं सत्र बंद असायचं. पंच पडद्यावर चित्रण पुन्हा-पुन्हा बघतात आणि तरी निम्मं मैदान त्यांना शिव्या देतं. कारण धावणारा ऐन वेळी खाली वाकला तर धडक आपोआप डोक्याला बसते. मग दोष कुणाचा? भाचा म्हणाला, "नियम कडक झाला तो पोरांच्या मेंदूला इजा होतेय हे लक्षात आल्यावर. तोवर सगळे टाळ्याच वाजवत होते."

मला ते ऐकून एकदम आमच्या मुलींच्या कुस्तीचा नियम आठवला. दोन्ही हात काखेतून घालून मानेमागे जोडायचे आणि मान खाली दाबायची, ती दुहेरी पकड बायकांच्या कुस्तीत पूर्ण बंद आहे. हात न घेता नुसतं डोकं आवळून धरायला तर कुणालाच परवानगी नाही. कुणी तरी कधी तरी मोडलेल्या मानेवरूनच हे नियम झाले असणार.

आणि हो, आता बायका धाब्यावरून कुस्ती बघत नाहीत. मार्च २०२३ मध्ये मुलींची पहिली महाराष्ट्र केसरी सांगलीत झाली आणि तिथलीच प्रतीक्षा बागडी कल्याणच्या वैष्णवी पाटीलला हरवून पहिली मानकरी ठरली. माझ्या चुलत्यांनी हे बघायला हवं होतं. काय म्हणाले असते देव जाणे, पण छडी टेकत गेले असते नक्की.

त्याच वर्षी ऑक्टोबरात चीनमधल्या हांगझोऊला आशियाई स्पर्धेत आपली कबड्डीची दोन सुवर्णं एकाच दिवशी आली. मुलींनी चिनी तैपेईला २६-२५ असं हरवलं. पुन्हा एक गुण. पुरुषांच्या अंतिम सामन्यात तर इराणशी २८-२८ बरोबरी असताना पवन सेहरावतच्या चढाईवर खेळ थांबला तो जवळजवळ तासभर. कुणालाही हात न लावता पवन बाजूच्या पट्टीत गेला आणि त्याच्या मागे इराणचे खेळाडूही. एका नियमानं फक्त पवन बाद, दुसऱ्या नियमानं मागून गेलेलेही बाद. पंचांनी निर्णय दिला, फिरवला, पुन्हा फिरवला. दोन्ही संघ मैदानातच बसून राहिले. शेवटी भारत ३३-२९ नं जिंकला. घरात सगळे नाचत होते. मी मात्र त्या पंचांच्या चेहऱ्याकडे बघत होते. निर्णय फिरवला म्हणून जगभर हसं झालं त्यांचं. पण फिरवायचं धाडस तर केलं ना!

गेल्या पावसाळ्यात एका बचत गटाच्या कामासाठी मला तापोळ्याच्या रस्त्याला जावं लागलं. धुकं इतकं की जीपवाला शिट्टीवर गाडी चालवत होता. काम लवकर आटपलं आणि मी त्या पोरीच्या वाडीकडे वळले. स्पर्धेनंतर ती मैदानावर पुन्हा कधी आली नव्हती. दुसऱ्या वर्षी तिच्या शाळेचा संघ आला, त्यात ती नव्हती. मी विचारलं तर पोरी म्हणाल्या, "ती न्हाई खेळत आता." माझ्या एका शिट्टीमुळे असं म्हणणं म्हणजे स्वतःला फार मोठं समजणं झालं. दहावीचं वर्ष, घरची कामं, दोन धाकटी भावंडं, शाळेला चार किलोमीटर चाल, कारणं काय कमी असतात आपल्याकडच्या मुलींना खेळ सोडायला? पण मनात ते होतंच.

ती घरी होती. आता एका दुकानात जॅम-सरबताच्या काउंटरवर काम करते, त्या दिवशी सुट्टी होती. केस खांद्यापर्यंत कापलेले. तिच्या आईनं चुलीवर चहा ठेवला. इकडचं तिकडचं झाल्यावर मी म्हणाले, "तुला आठवतं का गं, ती संक्रांतीची स्पर्धा?"

"आठवतं की."

"त्या दिवशी तुझी वेणी धरली होती. मी बाद द्यायला नको होतं. चुकलं माझं."

तिची आई हसली. "आवो ताई, कधीची गोष्ट! पोरखेळ तो. तुमी धरून बसलाय व्हय अजून?"

पोरगी हसली नाही. कपाची कड बोटानं पुसत म्हणाली, "तुमाला कवा कळलं काकू?"

"त्याच दिवशी. एकाच्या मोबाइलमध्ये बघितलं. बक्षीस वाटप झाल्यावर."

"म्हंजी आमी तिथंच हुतो तवा?"

"हो."

"मग?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. तिच्या आईनं आमच्या दोघींच्या तोंडाकडे बघितलं आणि चहात अजून थोडी साखर घातली. बाहेर पावसाचा आवाज इतका होता की गप्प बसणं सोपं गेलं.

निघताना तिनं छत्री धरून मला रस्त्यापर्यंत सोडलं. मी म्हणाले, येत्या संक्रांतीला पुन्हा मुलींची कबड्डी घेतोय. यंदा रेषेवर दोघीजणी उभ्या करणार आहे, आणि एक मोबाइल स्टँडला लावून ठेवणार. कुणाला दाद मागायची असेल तर सरळ येऊन मागायची. "तू येशील का एका रेषेवर? तुला नियम माहीत आहेत."

तिनं छत्री दुसऱ्या हातात घेतली.

"सुट्टी मिळाली तर बघते," म्हणाली. मग जीप सुरू झाल्यावर खिडकीशी येऊन म्हणाली, "पर काकू, येण्या आधी बांधून घ्यायला सांगा पोरींना."